मुदत : मधु लिमये यांच्या संसदीय चरित्राची प्रस्तावना

संसदेच्या सदस्यास आपण आज ‘खासदार’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचा जुना अर्थ आपल्या ध्यानीमनीही नसतो. मराठीच्या जुन्या कोशांत हा शब्द घोड्याची चाकरी करणाऱ्या मोतद्दाराचा वाचक आहे. घोड्याला खरारा करावा, दाणावैरण वेळच्या वेळी द्यावी, नाल झिजली की नालबंदास बोलवावे, आणि धनी दारात येताच लगाम त्याच्या हाती देऊन आपण अदबीने बाजूस व्हावे, एवढे या खासदाराचे काम. घोडा त्याचा नव्हे आणि स्वारीही त्याची नव्हे. त्याची ती फक्त निगा. पुढे काळाच्या ओघात पदाचा थाट वाढत गेला तसा शब्दाचा अर्थही उलटला, आणि आज खासदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोतद्दाराऐवजी स्वार उभा राहतो.

राजकीय पुरुषांची चरित्रे लिहिण्याची जी रीत आपल्याकडे पडून गेली आहे, तिच्यातही हा अर्थविपर्यास स्पष्ट उमटलेला दिसतो. नायक कोणत्या साली उपमंत्री झाला, कोणत्या साली राज्यमंत्री झाला, त्याच्या अमदानीत किती धरणांच्या कोनशिला बसल्या आणि किती कारखान्यांच्या धुराड्यांतून धूर निघाला, या पायऱ्यांवरून चरित्रकार एकेक करीत वर चढतो, आणि पायऱ्या सरल्या की चरित्रही सरते. मधु लिमये यांच्या चरित्रकारास ही सोय उपलब्ध नाही. १९६४, १९६७, १९७३ आणि १९७७ असे चार वेळा ते लोकसभेवर निवडून गेले, पहिल्या दोन खेपांस बिहारमधील मुंगेरहून आणि नंतरच्या दोन खेपांस बांक्याहून. परंतु मंत्रिपदाची शपथ त्यांनी एकदाही घेतली नाही, आणि ती घेण्याची वेळ जेव्हा खरोखरच दाराशी आली तेव्हा त्यांनीच तिला परत धाडले. ज्याच्या नावावर खाते नाही, फाईल नाही, हुकूम नाही, अशा माणसाच्या संसदीय जीवनात सांगण्याजोगे असे काय उरते, हा प्रश्न हे चरित्र हाती घेणाऱ्या वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्या प्रश्नाचा विचार करणे हाच या प्रस्तावनेचा हेतू होय.

माझे उत्तर थोडक्यात असे, की लिमये यांच्या सगळ्या सार्वजनिक आयुष्याच्या मुळाशी संमती ही एकच कल्पना आहे. ज्या सत्तेस प्रजेची संमती नाही तिच्या कायद्यापुढे कैफियतसुद्धा मांडावयाची नाही. जिला संमती आहे तिच्या कायद्याचा शब्द न् शब्द वापरून तिला जाब विचारावयाचा. आणि संमतीची मुदत संपली की आपल्या जागेवरून स्वतःहून उठावयाचे. या तीन वाक्यांत त्यांचे तुरुंग येतात, त्यांची लोकसभा येते आणि त्यांचा राजीनामाही येतो. त्यांचा सर्वांत वादग्रस्त प्रमाद मात्र या वाक्यांत सुखासुखी मावत नाही. त्याचाही विचार योग्य स्थळी करणे आवश्यक आहे.

लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला आणि १९३७ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे यांच्या सहवासात हा बुद्धिमान विद्यार्थी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या कार्यात असा ओढला गेला, की महाविद्यालयाच्या वर्गांशी त्याचे नाते क्षीण होत जाऊन सभा, अभ्यासमंडळे आणि पत्रके यांच्याशी ते जडले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल ऑक्टोबर १९४० मध्ये त्यांना प्रथम अटक झाली आणि सुमारे वर्षभर त्यांनी धुळ्याच्या तुरुंगात काढले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईच्या ऐतिहासिक अधिवेशनानंतर ते भूमिगत झाले. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफअली प्रभृतींच्या त्या गुप्त व्यूहात ‘क्रांतिकारी’ नावाच्या मराठी पत्राचे काम त्यांच्याकडे होते. सप्टेंबर १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि जुलै १९४५ पर्यंत वरळी, येरवडा व विसापूर येथे विनाचौकशी स्थानबद्ध राहिले. विसाव्या वर्षाच्या अलीकडे-पलीकडे दोनदा ज्याने चौकशीवाचून तुरुंग भोगला, त्याच्या मनात ‘अटक कोणत्या कारणासाठी?’ हा प्रश्न जन्मभर ठाण मांडून बसावा, यात नवल नाही. त्या प्रश्नाला पुढे कसे फळ आले ते यथाकाल सांगेनच. १९४७ साली अँटवर्प येथे भरलेल्या समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस भारतातून ते एकटे प्रतिनिधी म्हणून गेले होते, ही गोष्ट त्या पंचविशीतल्या तरुणाविषयी पक्षाचा विश्वास किती होता हे दाखविण्यास पुरेशी आहे.

गोव्याचे प्रकरण मात्र धावत्या लेखणीने सांगून भागणार नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावच्या सभेत राममनोहर लोहिया यांनी जी ठिणगी टाकली होती, तिचा वणवा होण्यास नऊ वर्षे लागली. १९५५ साली महाराष्ट्रातून आणि देशाच्या अन्य भागांतून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याची हद्द ओलांडू लागल्या. मे महिन्यात ना. ग. गोरे गेले, जुलैत आपल्या तुकडीसह मधु लिमये गेले, आणि १५ ऑगस्ट रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार करून सीमेवरची माती रक्ताने भिजविली. लिमये यांना पकडल्यानंतर निर्दय मारहाण झाली. पोर्तुगीज लष्करी न्यायाधिकरणापुढे त्यांना उभे करण्यात आले आणि बारा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा फर्मावण्यात आली. या ठिकाणी त्यांनी जे केले, किंवा जे केले नाही, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी बचाव केला नाही आणि शिक्षेविरुद्ध अपीलही केले नाही. सालाझारच्या राजवटीने १९५१ साली कागदोपत्री गोव्याचे रूपांतर वसाहतीतून ‘सागरपार प्रांता’त करून टाकले होते, त्या कागदाप्रमाणे पाहिले तर लिमये हे परक्या राज्यात घुसलेले उपद्रवी इसम ठरत होते, आणि त्या कागदाच्या आधारे युक्तिवाद करावयाचा म्हणजे तो कागद मान्य करावयाचा. ज्या मनुष्याने पुढे आयुष्यभर कायद्याच्या स्वल्पविरामासाठीसुद्धा वाद घातला, तो मनुष्य येथे न्यायासनापुढे मौन धरून उभा राहिला. एकोणीस महिन्यांहून अधिक काळ पोर्तुगीजांच्या कैदेत काढल्यावर १९५७ च्या आरंभी त्यांची सुटका झाली. उरलेली दहा वर्षे भोगण्याचा प्रसंग आला असता तर त्यातील निम्मी उलटण्यापूर्वीच, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोव्यातले ते राज्यच लयास गेले असते.

पुण्याच्या ब्राह्मण घरात जन्मलेला हा मनुष्य मुंगेरचा खासदार झाला कसा, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. कारण मतदारसंघ म्हणजे जात, गोत आणि गावकी यांचा जमाखर्च, ही समजूत आता इतकी दृढ झाली आहे की तिचा अपवाद कल्पनेतही येत नाही. समाजवादी चळवळीचे गोत्र मात्र प्रांतावरून ठरत नव्हते. बिहार ही तर तिची जन्मभूमीच. १९५८ साली गया जिल्ह्यातील शेरघाटी येथे भरलेल्या अधिवेशनात लिमये समाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले होते, आणि मराठीइतक्याच सहजतेने ते हिंदीत सभा जिंकीत असत. मुंगेर हे गंगेच्या काठचे जुने शहर. मीर कासीमने आपली राजधानी मुर्शिदाबादेहून येथे आणली, बंदुका घडविणाऱ्या कारागिरांची परंपरा येथे रुजली, १९३४ च्या भूकंपात हे शहर उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभे राहिले. लगतच्या जमालपुरात १८६२ पासूनचा रेल्वेचा प्रचंड कारखाना आहे. या मुलखाने १९६४ च्या पोटनिवडणुकीत लिमये यांना लोकसभेत धाडले. मागासांना शंभरात साठ जागा मिळाल्या पाहिजेत, ही मागणी त्यांचा पक्ष करीत होता, आणि ती मागणी घेऊन दारोदार हिंडणारा उमेदवार स्वतः त्या साठांपैकी नव्हता, ही गोष्ट मुंगेरच्या मतदारांनी पुरती ओळखून त्यांना मते दिली होती. पुढे १९७७ साली मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस मुझफ्फरपूरहून निवडून आले. त्या वाटेवरून त्यांच्याआधी लिमये चालून गेले होते.

आता सभागृहात प्रवेश करावयाचा. तेथले बळाबळ असे, की काँग्रेसच्या बाकांवर शेकड्यांनी सभासद, आणि समाजवाद्यांच्या बाकांवर मूठभर. १९६७ च्या यशानंतरही संयुक्त समाजवादी पक्षाचे सदस्य तेवीसच होते. मतांच्या मोजणीत ज्याचा पराभव ठरलेला, त्याच्या हाती नियमांच्या पुस्तकावाचून दुसरे हत्यार कोणते? बहुमतवाल्यास नियम म्हणजे वाटेतला खडा वाटतो, अल्पमतवाल्यास मात्र तोच पाय टेकण्याची जागा होतो. लिमये यांनी हे ओळखले आणि मे यांचा ब्रिटिश संसदीय पद्धतीवरील ग्रंथ, कौल आणि शकधर यांचा आपल्या संसदेविषयीचा ग्रंथ, सभागृहाचे पूर्वनिर्णय आणि लेखापरीक्षकांचे अहवाल, यांत ते एखाद्या मीमांसकाप्रमाणे मुरले.

सकाळी अकराच्या ठोक्याला सुरू होणारा प्रश्नोत्तराचा तास ही त्यांची खरी रंगभूमी होती, आणि तेथील कारभाराची खुबी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडी उलगडून सांगितली पाहिजे. सदस्य आगाऊ नोटीस देऊन तारांकित प्रश्न विचारतो. तो मंत्रालयात जातो. तेथे कारकुनापासून सचिवापर्यंत पाचसहा हात त्यावरून फिरतात, आणि शेवटी मंत्र्याच्या हाती असे गुळगुळीत उत्तर येते की त्याला कोठेही नख लागू नये. या उत्तराने कोणाचेही काही बिघडत नाही. खरी परीक्षा पुरवणी प्रश्नात असते, कारण तो कोठून येईल हे सचिवास ठाऊक नसते, आणि गॅलरीत बसलेल्या अधिकाऱ्याकडून चिठ्ठी येईतो मंत्र्यास स्वतःच्या माहितीवर उभे राहावे लागते. लिमये यांची सारी तयारी या पुरवणी प्रश्नासाठी असे. मूळ प्रश्न विचारतानाच त्यांना उत्तर बहुधा माहीत असावयाचे. त्यांना हवी असे ती मंत्र्याची जबान, सभागृहाच्या दप्तरात कायमची नोंदली गेलेली. पुढे त्या नोंदीशी विसंगत असे काही बाहेर आले की हक्कभंगाची सूचना तयारच. हक्कभंग फेटाळला गेला तर लक्षवेधी. लक्षवेधी नाकारली तर हरकतीचा मुद्दा. एक दार लागले की दुसऱ्या दाराची कडी वाजलीच. सभापतींना या सदस्याचा कंटाळाही येत असावा आणि धाकही वाटत असावा. कारण ज्या नियमाचा आधार तो घेई, तो नियम पुस्तकात असेच.

१९७४ साली पाँडिचेरीच्या व्यापाऱ्यांच्या आयात परवान्यांचे जे प्रकरण गाजले, त्यात एकवीस खासदारांच्या सह्यांचा एक शिफारसअर्ज होता, आणि त्यातल्या सह्या बनावट असल्याचे बाहेर आले. चौकशीचा अहवाल सभागृहापुढे ठेवा, यासाठी विरोधी पक्षांनी जी झुंज दिली तिच्या आघाडीवर लिमये होते. परवान्यांची रक्कम किती, हा तेथे दुय्यम मुद्दा होता. खासदाराची सही ही मतदारांची ठेव. ती जर बाजारात बनावट नाण्यासारखी चालू लागली, तर ठेवीदाराने दाद कोणाकडे मागावी? लिमये यांच्या संतापाचा रोख या प्रश्नाकडे होता.

ज्या आयुधाने ते सभागृहात लढत, तेच घेऊन ते न्यायालयातही गेले, आणि त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वसामान्य वाचकास फारसा परिचित नाही. जिल्हा न्यायालयाच्या पडवीत आजही एखादा तरुण वकील सहकाऱ्यास घाईघाईने ‘मधु लिमये आहे का जवळ?’ असे विचारताना आढळतो. त्याला माणूस नको असतो, निवाडा हवा असतो. आणि अनेकदा त्या नावाचा माणूस कोण होता हे त्याला माहीतही नसते.

असे निवाडे एकाहून अधिक आहेत. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी मुंगेर जिल्ह्यातील लखीसराय रेल्वे स्थानकावर, जमावबंदीचा हुकूम मोडून सत्याग्रह करीत असता, लिमये आणि त्यांचे सहकारी पकडले गेले. अटकेची कारणे विचारली तेव्हा, कलमे जामीनपात्र आहेत, एवढेच त्यांना सांगण्यात आले. अठराव्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात मनात रुतलेला प्रश्न आता सेहेचाळीस वर्षांच्या खासदाराने सर्वोच्च न्यायालयास एका पत्राच्या रूपाने विचारला, आणि न्यायालयाने ते पत्र अर्ज म्हणून दाखल करून घेतले. अटक केलेल्यास तिची कारणे कळविलीच पाहिजेत, असे संविधानाचा बावीसावा अनुच्छेद सांगतो. कलम जामीनपात्र आहे असे म्हणणे म्हणजे कारण सांगणे नव्हे. आणि सुरुवातीचा हा दोष नंतरच्या यांत्रिक कोठडीच्या हुकमाने धुऊन निघत नाही, असा निर्णय १८ डिसेंबर १९६८ रोजी देऊन न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली. विस्तृत कायदेशीर मसुद्यावाचून, बंदिवानाच्या नुसत्या पत्रावर, न्यायालयाचे दार उघडते हे या प्रकरणात दिसले; जनहित याचिकांचे युग त्यानंतर सुमारे दशकभराने आले.

जमावबंदीचे कलमच घटनाबाह्य ठरवावे, हा त्यांचा दुसरा प्रयत्न १९७० साली सात न्यायाधीशांच्या पीठापुढे फसला. ते कलम वैध ठरले. परंतु त्याच निवाड्यात, चौकशीस प्रारंभ केल्यावाचून दंडाधिकाऱ्याने कोणाकडूनही अंतरिम मुचलका मागू नये, असा निर्बंध न्यायालयाने घातला, आणि हरलेल्या खटल्यातूनही गरिबाच्या पदरात थोडे पडले. तिसरा निवाडा ३१ ऑक्टोबर १९७७ चा. महाराष्ट्राच्या तत्कालीन विधिमंत्र्यांविषयी १९७४ साली दिल्लीच्या पत्रकार परिषदेत केलेल्या आरोपांवरून त्यांच्यावर बदनामीची फौजदारी झाली होती. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दरम्यानच्या हुकमांविरुद्धचे पुनरीक्षण बंद केले होते. तरीपण जो हुकूम धड अंतिमही नाही आणि निव्वळ दरम्यानचाही नाही, अशा मधल्या पायरीवरच्या हुकमास ती बंदी लागू नाही, आणि प्रक्रियेचा दुरुपयोग थांबविण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार शाबूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले व फौजदारी रद्द केली. पडवीतला तरुण वकील शोधीत असतो तो निवाडा बहुधा हाच.

या सर्व हकिकतीनंतर वाचकाचा असा समज होईल की लिमये हे नियमांचे निस्सीम उपासक होते. तो समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेले अर्धे सत्य आणीबाणीने प्रकाशात आणले. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, जुलैत लिमये यांना ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अटक झाली आणि फेब्रुवारी १९७७ पर्यंत मध्य प्रदेशातील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. पाचवी लोकसभा मार्च १९७१ मध्ये अस्तित्वात आली होती. संविधानाच्या त्र्याऐंशीव्या अनुच्छेदाप्रमाणे तिची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही. परंतु आणीबाणी जारी असेल तर संसदेस कायदा करून ही मुदत एका वेळी एका वर्षापर्यंत वाढविता येते, असा अपवादही त्याच अनुच्छेदात आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये, विरोधी पक्षांचे अनेक सदस्य तुरुंगात असताना, लोकसभेने या अपवादाचा लाभ घेतला आणि स्वतःचे आयुष्य स्वतःच एका वर्षाने वाढविले. पुढे नोव्हेंबरात ते आणखी एकदा वाढविण्यात आले.

कायद्याच्या अक्षराकडे पाहिले तर यात गैर काही नव्हते. पुस्तक उघडून, बोट ठेवून, सरकारपक्षास आपला अधिकार दाखविता आला असता. नेमके लिमये इतकी वर्षे जे करीत आले तेच. परंतु पाच वर्षे पुरी होताच लिमये यांनी तुरुंगातून लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा पाठविला, आणि त्यांच्याबरोबर जबलपूरहून नुकताच निवडून आलेला शरद यादव नावाचा तरुण सदस्यही बाहेर पडला. येथे एक बारकावा आहे. लिमये १९७१ साली मुंगेरला पराभूत झाले होते आणि १९७३ च्या पोटनिवडणुकीत बांक्याहून सभागृहात आले होते. म्हणजे व्यक्तिशः त्यांची पाच वर्षे झालीच नव्हती. हिशेब त्यांनी स्वतःच्या वर्षांचा केला नाही, सभागृहाच्या वर्षांचा केला. मतदारांनी मार्च १९७१ मध्ये जी मुखत्यारी दिली ती पाच सालांची. तिची मुदत मुखत्यारानेच वाढवून घ्यावी, हे ज्या पोटकलमात बसत असेल त्यात बसो, धन्याच्या संमतीत बसत नाही. गोव्यात ज्या न्यायाने ते न्यायासनापुढे गप्प राहिले होते, त्याच न्यायाने आता त्यांनी आपली जागा सोडली.

जागेबरोबर जागेचे मानपानही सोडले. दिल्लीतील सरकारी घर ताबडतोब रिकामे करून द्यावे, असे त्यांनी तुरुंगातून पत्नी चंपाताई यांना मुंबईस लिहिले, असे त्यांचे निकटवर्ती सांगत आले आहेत. घरातला पुरुष कैदेत, बिऱ्हाड परमुलखात, आणि तरीही पहिली चिंता कुलपाच्या किल्लीची, की ती आपल्याकडे एक दिवसही जास्त राहू नये. योगायोग असा, की मुदत वाढवून घेतलेल्या याच संसदेने त्याच १९७६ साली माजी खासदारांसाठी निवृत्तिवेतनाची तरतूद केली. लिमये यांनी ते निवृत्तिवेतन कधीही घेतले नाही, आणि स्वातंत्र्यसैनिकाचे मानधनही घेतले नाही.

प्रस्तावनाकाराने चरित्रनायकाची आरती ओवाळून थांबावे, असा एक संकेत आहे. पण लिमये यांच्यासारख्या माणसाबाबतीत तो पाळणे त्यांच्या स्वभावाशी प्रतारणा ठरेल. १९७७ साली जनता पक्ष सत्तेवर आला, लिमये बांक्याहून पुन्हा निवडून आले, मंत्रिपद नाकारून पक्षाचे सरचिटणीस झाले, आणि अडीच वर्षांच्या आत त्या पक्षाच्या विघटनास जी कारणे घडली त्यांत त्यांनी उठविलेला दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न हे एक मोठे कारण ठरले. जनता पक्षात आलेल्या पूर्वीच्या जनसंघीयांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नाते ठेवावे की ठेवू नये, हा तो वाद होता. एकाच वेळी दोन निष्ठा चालणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे तर्कास धरून होते, आणि जनता पक्षाच्या जन्माच्या वेळीच त्याचा निकाल लागावयास हवा होता, हेही खरे. परंतु जनतेने मार्च १९७७ मध्ये या सभागृहास दिलेली मुदतही पाच वर्षांचीच होती. जुलै १९७९ मध्ये सरकार पडले, ऑगस्टात लोकसभा विसर्जित झाली, आणि ती मुखत्यारी निम्म्या वाटेवर धुळीस मिळाली. ज्याने इतरांनी वाढविलेले एक वर्ष चोरीचे म्हणून नाकारले, त्याच्याच आग्रहामुळे मतदारांची अडीच वर्षे वाया गेली, असे कोणी म्हटले तर त्यास ‘तत्त्वाचा प्रश्न होता’ एवढेच उत्तर पुरेसे नाही. या आरोपाचे ओझे लिमये यांनाही जाणवत असावे. नाहीतर उत्तरायुष्यातील इतकी वर्षे त्या प्रयोगाचा इतिहास दोन खंडांत मांडण्यात त्यांनी घालविली नसती.

तर्काच्या टोकापर्यंत जाण्याची ही सवय जुनीच होती. १९५५ साली प्रजासमाजवादी पक्षाने त्यांना निलंबित केले आणि त्या वादातून पक्ष दुभंगला, तेव्हाही मुद्दा त्यांच्या बाजूस असेल, पण संघटनेची शकले झाली ती झालीच. सभागृहात जी तीक्ष्णता गुण ठरते, ती पक्षाच्या बैठकीत जखम करते. तिसऱ्या पुरवणी प्रश्नाने मंत्री नामोहरम होतो. तिसऱ्या पुरवणी प्रश्नाने मित्रही दुरावतो. वसंताने वन फुलवावे तशी माणसे फुलवून एकत्र ठेवण्याची कला एस. एम. जोशींकडे होती, लिमये यांच्याकडे ती त्या प्रमाणात नव्हती, आणि आपल्या समाजवाद्यांच्या शोकांतिकेत या उणिवेचा वाटा आहे.

१९८० साली बांक्याने त्यांना पराभूत केले, आणि १९८२ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सक्रिय राजकारणातून निवृत्ती पत्करली. येथेही मुदतीचे भान दिसते. आपल्याकडे राजकीय पुरुषास निवृत्त करण्याचे काम सामान्यतः मतदार किंवा मृत्यू करतो, स्वतः तो मनुष्य करीत नाही. उरलेली वर्षे त्यांनी दिल्लीतील लहानशा घरात इंग्रजी, हिंदी व मराठीत ग्रंथलेखन करण्यात, अभिजात संगीत ऐकण्यात आणि महाभारताच्या चिंतनात घालविली. ज्या चंपाताईंनी एकदा त्यांच्या सांगण्यावरून सरकारी घर सोडले होते, त्यांनीच पुढे गोव्याच्या तुरुंगातील त्यांची रोजनिशी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ८ जानेवारी १९९५ रोजी लिमये यांचे निधन झाले. त्यांनी कोणासाठी काही ठेवले असेल तर ती छापील पाने, आणि न्यायालयांच्या पडव्यांतून फिरणारे ते नाव. ज्या मुदतीपायी त्यांनी आपली जागा सोडली होती, ती लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणणारी चव्वेचाळीसावी घटनादुरुस्ती १९७८ साली झाली, आणि आज आपण ती इतकी गृहीत धरून चालतो की एकेकाळी ती सहा वर्षांची करण्यात आली होती, हे सांगितल्यावर लोकांना आश्चर्य वाटते.

पुढील पानांत चरित्रकारांनी हे सर्व सविस्तर, आणि माझ्याहून अधिक सहानुभूतीने, सांगितले आहे. त्यातील सभागृहाच्या कामकाजाचे तपशील काही वाचकांस रुक्ष वाटतील. त्यांना माझी विनंती अशी, की ती पाने ओलांडून पुढे जाऊ नये. खराऱ्याचे काम रुक्षच असते, आणि घोडा कसा राखला गेला हे कळते ते त्या रुक्ष कामाच्या नोंदीवरूनच. प्रस्तावना लिहिणाराही एका परीने जुन्या अर्थाचा खासदारच. खोगीर चढवून, तंग आवळून झाला, की त्याने फार वेळ वाटेत उभे राहू नये. मी लगाम वाचकांच्या हाती देऊन बाजूस होतो.